कोंडा वजा जाता

चिंतलवार सर उभ्या आयुष्यात कोणावर ओरडले नाहीत. त्यांचं नाव निघालं की बालाघाटात अजूनही लोक हेच सांगतात, अगदी हात जोडून सांगतात, आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. ओरडणाऱ्या माणसावर उलट ओरडता येतं, निदान घरी येऊन त्याला चार शिव्या घालता येतात. या माणसाने नकार द्यायचा तो असा, की घेणारा पायरी उतरताना तीनदा मागे वळून नमस्कार करायचा. मी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. मला त्यांची किळस येते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. न बोलता बोलता माझे केस पांढरे झाले, म्हणून आता बोलते.

आमची शाळा खाजगी. नववीपासूनचं हायस्कूल, आमचं राज्य हिंदीचं म्हणून हिंदी माध्यम, पण स्टाफरूम मराठी. जिल्ह्यात तेव्हा तिचं नाव मोठं होतं आणि मुलींसाठी लहानसं वसतिगृहही होतं, म्हणून लालबर्रा, लामता, कटंगी, सगळीकडून आठवी पास झालेली पोरं आमच्याकडे यायची. जागा चाळीस, पोरं दीडशे-दोनशे. त्यामुळे प्रवेश परीक्षा. लेखी ऐंशी गुणांची, त्यात चाळीस हिंदीचे आणि चाळीस गणिताचे, आणि तोंडी वीस गुणांची. सर गणित शिकवायचे आणि प्रवेशाचं सगळं काम त्यांच्याकडे. मी नवीन लागलेली, कटंगीकडची, कुणब्याची पोर, अजून कायम न झालेली. माझं काम रजिस्टर लिहिणं. सर सांगतील तो आकडा, सर सांगतील त्या रकान्यात.

दिसायला माणूस स्वच्छ. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, नखं कापलेली, खिशात लवंगांची चपटी डबी. बोलण्याआधी एक लवंग तोंडात टाकायची, ती दाढेखाली सरकवायची, मग बोलायचं. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावंच लागे. पेन्सिलीला टोक ब्लेडने काढायचे आणि सालं कागदाच्या पुडीत घालून स्वतः कचऱ्यात टाकायचे, शिपायाला सांगायचे नाहीत. सगळे म्हणायचे, पाहा किती साधेपणा.

कोणी पालक आला की सर उठून उभे राहायचे. गरीब असला तर आणखी लवकर. स्वतःच्या हाताने माठातलं पाणी द्यायचे, बसायला स्वतःची खुर्ची पुढे करायचे. शेतकऱ्याशी बोलताना 'मले', 'तुमाले' करायचे, ठेकेदाराशी हिंदी, आणि आमच्याशी नागपूरची धुतलेली मराठी. तिन्ही भाषांत तेवढेच गोड. मुलाचे गुण एका चिठ्ठीवर लिहिलेले असायचे. ती चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवायची, वर मँगनीजचा एक काळा दगड, आणि दगडावर हात. "आकडा मागाहून पाहू," म्हणायचे, "आधी माझं ऐका." ऐकून झाल्यावर चिठ्ठी उलटून पाहायचं कोणाच्या ध्यानातच राहायचं नाही. पंधरा वर्षांत ती उलटा म्हणणारे मी दोन की तीन पाहिले असतील.

निकालाच्या दिवशी शाळेच्या दारावर कागद लागायचा. त्यावर नाव आणि नावापुढे एक आकडा. संपलं. वर मथळा नाही, जागा किती ते नाही, कोण आत आणि कोण बाहेर ते नाही. तो आकडा गुणांचा नव्हता, क्रमांकाचा होता. आता मला सांगा, धान मोजणाऱ्या माणसाला कमी आकडा चांगला असतो हे कोणी सांगितलंय? त्याच्या जन्मात जास्त ते चांगलं.

पहिल्याच वर्षी पाहिलं मी. कटंगीकडचा एक बाप, त्याच्या पोरीच्या नावापुढे एकेचाळीस. माणूस हरखून गेला. बाजूच्या दुकानातून गूळ-फुटाणे आणले आणि दारातल्या सगळ्यांना वाटत सुटला. मलाही दिले, मीही मूर्खासारखे खाल्ले, कारण कागद लिहिला होता मी आणि सांगायची हिंमत नव्हती. त्याच वेळी पलीकडे लामत्याचा एक जण, इथे शहरात मामाकडे राहून शिकलेल्या आपल्या पोराला बदडत होता. पोराच्या नावापुढे तीन होते. वर्षभर तेल जाळलं आणि तीनच आणले म्हणून दोन थोबाडीत ठेवून दिल्या. पोरगं बिचारं रडत रडत सांगत होतं की पेपर तर पुरा लिहिलता.

आणि सर कुठे होते? दारात उभे. लवंग चघळत, हात मागे बांधून, मंद हसत. फुटाण्यांची पिशवी रिकामी होईपर्यंत ते हलले नाहीत. मग गेले, त्या कटंगीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत घेऊन आले. पंधरा मिनिटांनी तो बाहेर पडला तो सरांचे गुण गात. एवढा मोठा माणूस, सोता उठून आला, पाणी देल्लं. पोरगी एका जागेने बाहेर राहिली याचं दुःख त्याने कुठे ठेवलं कोणास ठाऊक. मग लामत्याचा आत आला आणि बाहेर जाताना सरांच्या पाया पडला. पोराचा तिसरा नंबर जणू सरांनीच त्याच्या पदरात टाकला होता.

संध्याकाळी मी म्हटलं, सर, वर 'क्रमांक' एवढा एक शब्द लिहू या का? ते माझ्याकडे प्रेमाने पाहत राहिले. "बाई," म्हणाले, "कागद वाचून कोणाला काही समजतं का? माणसाला माणसानंच समजावून सांगावं लागतं." मला तेव्हा ते फार थोर वाटलं. वहीत लिहून ठेवलं होतं मी हे वाक्य. शी!

पैसे खात नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हिला त्याची जळजळ होती. एक पेरू घेतला नाही कोणाचा. एकाने चिन्नोर तांदळाची थैली आणली तर ती त्याच्या सायकलला परत बांधून दिली, गाठ स्वतः मारली. घेतलं असतं तर मी म्हटलं असतं, पोट आहे बाबा माणसाला. हे सगळं त्यांनी फुकट केलं, आवडीने केलं. माझ्या डोक्यात जातं ते हेच.

रजिस्टरमध्ये गुणांचे दोन रकाने होते, एक 'कच्चे गुण' आणि एक 'शुद्ध गुण'. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सरांनी मला राईस मिलचं उदाहरण दिलं. मिलमध्ये शंभर किलो धान टाकलं तर तांदूळ किती निघतो? सदुसष्ट. बाकीचा कोंडा आणि कणी. तशीच गावची शाळा. तिथला मास्तर पोरांना उत्तरं पाठ करवून घेतो, पोरं ती ओकतात, गुण फुगतात. म्हणून गावच्या पोराच्या लेखी गुणांतून तिसरा हिस्सा कोंडा म्हणून काढायचा. राहिले ते शुद्ध. शहरातली पोरं? ती तर आपल्याच शहरातल्या शाळांतून, आपल्याच मास्तरांच्या हाताखालून आलेली. ते घरचे तांदूळ, निवडलेले.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, लोक भांडले कसे नाहीत? अहो, भांडायचं कशाला? आमचा सगळा मुलूख धानाचा. मिलवाला कोंडा वजा करतो यात कोणाला कधी अन्याय वाटला आहे? बाप मान डोलवायचे. खरं आहे सरजी, धान आणि तांदूळ एका भावाने कसे जातील? सर त्यांच्याच अंगणातली गोष्ट त्यांनाच सांगायचे आणि त्या माणसांना ती इतकी ओळखीची वाटायची, की पोराचं वर्ष गेलं हे ध्यानात यायला त्यांना लालबर्ऱ्याची परतीची बस लागायची. कधी तेवढ्यानेही यायचं नाही.

पण धानाचं शास्त्र सरांकडे दोन्ही बाजूंनी होतं. एकदा जंगलाच्या ठेकेदाराचा पोरगा आला. लेखीत ऐंशीपैकी चौतीस. गणितात अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळा झालेला. तोंडीत त्याला विचारलं, वडिलांची गाडी कोणत्या रंगाची आहे? पोरगं म्हणालं, हिरवी. वीसपैकी वीस. मी पेन हातात धरून बसले तर सर म्हणाले, लिहा बाई. मग समजावलं. धानात हलकं असतं आणि भारी असतं. हलकं लवकर पिकतं, लवकर संपतं. भारी उशिरा पिकतं पण दाणा लांब. हा मुलगा भारी धान आहे. एकूण चौपन्न झाले आणि पोरगं आत आलं. दोनदा नापास झालं आणि पुढे बापाचा धंदा पाहू लागलं. सर म्हणायचे, पाहा, किती छान सांभाळतोय!

असो. सुमनचं सांगते, कारण बाकी सगळं मी विसरले असते.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. लालबर्ऱ्याला एका राईस मिलमध्ये तुळशीराम नावाचा माणूस मशीनवर होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. ताठ. मिलमालकासमोर खाली बसायचं नाही म्हणून उभ्याने भाकर खायचा, असं त्याच्याबद्दल सांगत. सुमन त्याची पोरगी, तेरा-चौदा वर्षांची, सावळी, दोन वेण्या घट्ट, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायची. घरी आजी लग्नासाठी मागे लागलेली होती. तुमसरकडचं स्थळ येऊन बसलेलं. तुळशीरामने आईला शब्द दिला होता की पोरगी या शाळेत लागली तर शिकेल आणि वसतिगृहात राहील, नाही लागली तर तू म्हणशील ते. सरकारी शाळेला वसतिगृह नव्हतं, आणि तेवढ्या पोरीला रोज बसने कोण पाठवणार? म्हणजे सगळा खेळ या एका परीक्षेवर होता. हे मला त्याने स्वतः सांगितलं, अर्ज भरताना. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' हा शब्द त्याने माझ्याकडून पेन घेऊन आपल्या हाताने लिहिला.

लेखीचे पेपर तपासून आले. सुमनला अडुसष्ट. ऐंशीपैकी अडुसष्ट. त्या वर्षी शहर आणि गाव मिळून कोणालाच तेवढे नव्हते. पहिली होती ती. मी आकडा दोनदा पाहिला आणि 'कच्चे गुण' मध्ये लिहिला.

तोंडीला सर टेबलामागे, मी बाजूला, ती समोर. त्या वर्षी सर सगळ्यांना एक प्रश्न विचारत होते, घरी संध्याकाळी दिवा लावल्यावर काय म्हणता? शहरातली पोरं शुभंकरोती म्हणायची, आरत्या म्हणायची. सुमनने हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एक अक्षर न अडखळता. सरांनीही डोळे मिटून ऐकलं. "सुंदर म्हणालीस बाळ, फार सुंदर," असं म्हणाले आणि माझ्यापुढच्या कागदावर पेन्सिलीने चार लिहिले. वीसपैकी चार. ती हसत बाहेर गेली.

अडुसष्टातला कोंडा काढून पंचेचाळीस, अधिक चार, एकोणपन्नास. शेवटची जागा बावन्नवर बंद झाली. सुमनचा क्रमांक चव्वेचाळीस.

मी बोलले, एकदा बोलले, हे माझ्या बाजूने सांगून टाकते. स्टाफरूममध्ये कोणी नाही असं पाहून म्हटलं, सर, त्या पोरीला चार कमी नाही का होत? रागावतील वाटलं. रागावले नाहीत. लवंगांची डबी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "बाई, उच्चार शुद्ध आहेत तिचे, मी कुठं नाही म्हणतो? पण आपल्या वसतिगृहातल्या मुली, त्यांची घरं, त्यांचे आईवडील. उद्या पंगतीत काही झालं तर त्रास कोणाला होईल? तिलाच ना? मी तिचाच विचार केला." मग म्हणाले की माझ्या कायम होण्याचा कागद संस्थेकडे गेला आहे, काळजी करू नका, मी चांगलंच लिहिलं आहे. त्यांनी धमकी दिली का? नाही. ते धमकी देत नसत. मी लवंग घेतली आणि तोंडात टाकली. त्या लवंगेची चव मला अजून आठवते आणि थुंकावंसं वाटतं.

निकालाच्या दिवशी तुळशीराम आला, पांढरा सदरा, पोरगी बरोबर. कागदावरचा चव्वेचाळीस पाहून तो काही फुटाणे वाटत बसला नाही. त्याने सरळ आत येऊन विचारलं, याचा मतलब काय? सर उठले. खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि मिलमध्ये उभ्याने भाकर खाणारा तो माणूस खुर्चीवर टेकला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला आयुष्यात कोणी शिकलेल्या माणसाने आपली खुर्ची दिली नव्हती.

सरांनी चिठ्ठी पालथी ठेवली, वर दगड ठेवला आणि सुरू केलं. दादा, तुम्ही तं मशीनवरचेच माणूस. तुमाले मी काय सांगू? धान किती टाकता, तांदूळ किती निघते? तुळशीराम म्हणाला, सदुसष्ट, चांगलं असलं तर अडुसष्ट. मंग? सर म्हणाले, गावच्या शाळेचे गुण म्हणजे धान. पोरीनं मेहनत केली, हे मी मानतो. पण कोंडा वजा जाता पुरत नाही. एवढ्यावर इथं घातली तर चाळणीतून खाली पडन, मन मोडन पोरीचं. तुळशीराम मान हलवू लागला. मी पाहत होते. माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस आपल्याच मिलमध्ये आपल्याच पोरीला घालत होता.

सुमन त्याच्या खुर्चीमागे उभी होती. ती म्हणाली, "कोंडा तं सगळ्याच धानाले राह्यते सर. शहरातलं धान काय बिनकोंड्याचं पिकते?"

मला वाटलं, आता. आता काय सांगशील बाबा? सरांच्या तोंडातली लवंग क्षणभर हलायची थांबली, हे मी पाहिलं. आणि मग ते हसले. अगदी कौतुकाने. म्हणाले, दादा, पोरगी हुशार आहे हो तुमची. पण पोरीच्या जातीनं असं उलटं बोललं तं सासरी कसं निभन?

आणि तुळशीराम उठला. त्याने हात जोडले. "चुकलं तिचं सरजी. लहान आहे, समजत नाही तिले." सुमनने बापाकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये पाहत होते. त्याच पानावर, डाव्या रकान्यात, माझ्या अक्षरात अडुसष्ट लिहिलेले होते. पान फिरवून तिच्यासमोर धरायला किती वेळ लागला असता? मी धरलं नाही. दोघं गेले. दारातून तुळशीरामने वळून सरांना नमस्कार केला. त्या दिवाळीनंतर सुमनचं लग्न झाल्याचं कानावर आलं, आणि त्याच महिन्यात मी कायम झाले.

पुढे सरांचा सत्कार झाला, सेवानिवृत्ती झाली, शाल-श्रीफळ झालं. भाषणं झाली. वक्ते म्हणाले, सरांनी कोणाला नाराज करून पाठवलं नाही. खरंच आहे ते. नाराज करून पाठवलं असतं तर एखादा तरी परत आला असता.

प्रवेशाचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या वर्षी तोंडी परीक्षा बंद केली. कच्चे आणि शुद्ध असले रकाने काढून टाकले. दारावरच्या कागदावर ठसठशीत मथळा घातला: क्रमांक, नाव, हिंदी, गणित, एकूण, आणि चाळीस नावांखाली लाल रेघ. रेघेच्या वर ते आत. झालं, मला वाटलं, आता समजावणाऱ्याची गरज संपली. कसली संपते! संस्थेने प्रेमाने निकालाच्या दिवशी सरांसाठी व्हरांड्यात आरामखुर्ची टाकायला सुरुवात केली, आणि लोक माझा कागद वाचायचे, लाल रेघ पाहायचे आणि सरांकडे जायचे. सरजी, जरा समजावून सांगा ना. वरती नाव असलेलेसुद्धा जायचे. सर थकले होते, हात थरथरायचा, पण खुर्चीतून अर्धं उठायचे अजूनही.

अशाच एका निकालाच्या दिवशी, सत्तरची सालं सरत आली होती तेव्हा, मी ऑफिसच्या खिडकीत बसले होते. एक बाई आली. खांद्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, मागे एक पोरगी. म्हणाली, माझ्या पोरीचा अर्ज वापस द्या बहनजी. मी नाव विचारलं, यादी पाहिली. पोरगी पाचवी होती. म्हटलं, अहो, तुमची मुलगी लागली आहे, पाचवी आली आहे, अर्ज काय परत घेता, फॉर्म भरा. ती म्हणाली, नाही, सरांले विचारलं म्या. ते म्हणाले पाचवी आली खरं, पण कोंडा वजा जाता झेपन का ते पाहा. ते खोटं नाही सांगत.

मी मान वर करून नीट पाहिलं. तेच डोळे होते, फक्त माझ्याकडे बघत नव्हते.

"सुमन?"

तिलाही मी आठवले. बरं वाटलं तिला, हसलीसुद्धा. सांगू लागली की नवरा मँगनीजच्या खाणीवर आहे, ही मोठी पोरगी, हिला वाचनाचा फार नाद. मग जरा लाजल्यासारखं करून म्हणाली, "मलेबी त्या वख्ती वाटलं होतं मी हुशार आहो. सरांनं समजावून सांगितलं ते बरं झालं बहनजी. नाहीतर जलमभर आस लागून राह्यली असती. आता हिची तशी नको व्हाले."

सोळा-सतरा वर्षं या पोरीने तो कोंडा उराशी धरून संसार केला होता. भाकरी थापताना, पाणी भरताना, स्वतःला समजावत आली होती की आपण त्या लायकीच्या नव्हतोच. त्या माणसाने तिची जागा तर घेतलीच, आणि वर तिच्याकडून आभारही वसूल केले. मी उठले, खिडकीच्या गजांपाशी गेले आणि म्हटलं, "सुमन, तू पहिली होतीस. ऐंशीपैकी अडुसष्ट. त्या वर्षी तुझ्यावर कोणी नव्हतं."

ती ऐकत राहिली. पोरगी कधी माझ्याकडे, कधी आईकडे पाहत होती.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हौ."

"मंग तेव्हा सांगितलं काहून नाही?"

मी कायम व्हायची होते, असं सांगू? तिने उत्तराची वाट पाहिली, पुरेशी पाहिली. मग पिशवी खाली ठेवली, गजांतून हात आत घालून माझ्या टेबलावरचा कोरा फॉर्म ओढला आणि पोरीच्या हातात दिला. लिव, म्हणाली. पोरगी तिथेच पायरीवर बसून लिहू लागली. सुमन तिच्यावर वाकून उभी राहिली, एकेक अक्षर पाहत. माझ्याकडे तिने परत पाहिलं नाही. फॉर्मसुद्धा पोरीच्या हाताने दिला.

मी तशीच व्हरांड्यात गेले. चिंतलवार सरांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं, पावसाळ्यात ते गेले. खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर शाल, समोर पुढचा कोणी शेतकरी दोन्ही हात जोडून उकिडवा बसलेला. सरांनी मला पाहिलं, पायरीवर फॉर्म भरणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, काय झालं बाई, त्या माउलीला समजलं नाही का मी सांगितलेलं?

मी म्हटलं, "सर, तिचा पहिला नंबर होता."

त्यांनी कपाळाला आठी घालून आठवून पाहिलं. खोटं नाही सांगत, मनापासून आठवून पाहिलं. मग त्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याकडे बघून तेच गोड हसले.

"कोणाचा?"